लंडनची बिनतिकिटाची म्युझियमं

"मावशी, आठवडाभर मला सुट्टी नाही. तुम्हा दोघींनाच फिरावं लागेल," भाचीने विमानतळावरून घरी नेतानाच सांगून टाकलं. गोष्ट ऑक्टोबर २०२३ची. ताईची लेक साउथ हॅरोला राहते आणि आम्ही दोघी बहिणी वाईहून पहिल्यांदाच तिच्याकडे चाललो होतो. ताईने पस्तीस वर्षं शिवणक्लास चालवला, मी शाळेत इतिहास शिकवला. राजवाडा, मनोरा, नदीकाठचा पाळणा, कुठेही जायचं म्हटलं की माणशी पंचवीस-तीस पौंड सहज जात होते आणि पौंड शंभर रुपयांच्या वर होता. तेव्हा मी मनातलं बोलले. मुलांना तीस वर्षं ज्या वस्तूंची पुस्तकातली पुसट चित्रं दाखवली, त्या इथे आहेत आणि त्या पाहायला तिकीट नाही. आपण म्युझियमंच पाहू.

इथल्या मोठ्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमचे संग्रह डिसेंबर २००१ पासून सगळ्यांना मोफत आहेत. ब्रिटिश म्युझियम आणि नॅशनल गॅलरी त्याआधीही मोफतच होती. साउथ केन्सिंग्टनची तिन्ही (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, नॅचरल हिस्टरी आणि सायन्स) मात्र मधली काही वर्षं पैसे घेत. खास प्रदर्शनांना आजही तिकीट पडतं, ती आम्ही सोडली. बऱ्याच ठिकाणी वेळ ठरवून ऑनलाइन मोफत नाव नोंदवता येतं, ते भाचीने करून दिलं. दारातल्या पेटीत पाच पौंड टाका अशी विनंती असते, पण टाकले नाहीत तर कोणी विचारत नाही. आम्ही प्रत्येक ठिकाणी काही ना काही टाकलं.

मंगळवार, १० ऑक्टोबर

साउथ हॅरोहून पिकॅडिली लाइन थेट रसेल स्क्वेअरला सोडते. तिथून ब्रिटिश म्युझियम पाच-सात मिनिटांवर. फाटकापाशी पिशव्यांची तपासणी आणि मोठी रांग. (मागे माँटेग्यू प्लेसला दुसरं दार आहे, तिथली रांग बरीच छोटी असते. हे आम्हाला शुक्रवारी कळलं.)

आत शिरलं की काचेच्या छताखालचं विस्तीर्ण चौक लागतं, ग्रेट कोर्ट. मधोमध पांढऱ्या दगडाची गोल इमारत, तिला बिलगून वर जाणारे दोन जिने. ही गोल इमारत म्हणजे १८५७ सालचं वाचनालय. कार्ल मार्क्स इथे बसून वाचायचे आणि १९२०च्या सुमारास विद्यार्थी भीमराव आंबेडकरही. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं, त्यावेळी ते लोकांना खुलं नव्हतं. मी तरी त्या दाराला हात लावून आले.

पहिल्या दिवशी चूक केली ती सगळं पाहायची. रोझेटा शिळेपुढे माणसं चार-पाच रांगांत उभी, सगळ्यांचे मोबाइल वर. काचेतून दिसली ती माझ्या कल्पनेपेक्षा मोठी. उंची सव्वा मीटरला थोडी कमी, वजन साडेसातशे किलोंच्या वर. इसवी सन पूर्व १९६चा, पाचव्या टॉलेमीच्या वेळचा एकच आदेश तीन लिप्यांत कोरलेला. वर चित्रलिपी, मधे डेमॉटिक म्हणजे इजिप्तची रोजच्या वापरातली लिपी, खाली ग्रीक. ग्रीक वाचता येत होतं म्हणून १८२२ साली शाँपोल्याँ या फ्रेंच अभ्यासकाला चित्रलिपीचं कुलूप उघडता आलं. हे मी वर्गात किती वेळा सांगितलं असेल! पण शिळेच्या कडेला रंगाने लिहिलेलं इंग्रजी मला माहीत नव्हतं. ब्रिटिश फौजेने १८०१ साली इजिप्तमध्ये ती काबीज केली, असं एका बाजूला आणि तिसऱ्या जॉर्ज राजाची भेट, असं दुसऱ्या बाजूला. म्हणजे शिळेवर तीन लिप्यांबरोबर चौथाही मजकूर आहे, आणि ती इथे कशी आली ते तोच सांगतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात कडा दिसत नाहीत.

गर्दीमुळे ताईला नीट पाहता आलं नाही. नंतर पहिल्या क्रमांकाच्या दालनात, जुन्या पुस्तकांच्या कपाटांमध्ये, त्या शिळेची प्रतिकृती सापडली. तिला हात लावायची मुभा आहे आणि तिथे कोणीच नव्हतं. ताईने चष्मा काढून ठेवला आणि बोटं अक्षरांवरून सावकाश फिरवली, कापडाचा पोत बघते तशी. म्हणाली, "अगं, टाका किती बारीक आहे."

त्या दिवशीचं खरं धन म्हणजे असिरियाचा राजा असुरबनिपाल याच्या सिंहशिकारीच्या शिळा. निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवरच्या, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळच्या, इसवी सनापूर्वी सातव्या शतकातल्या. अरुंद दालनाच्या दोन्ही भिंतींवर रथ, घोडे, भालाईत, कुत्री आणि सिंहच सिंह. त्यात एक सिंहीण आहे. पाठीत बाण रुतलेत, मागचा अर्धा देह लुळा पडलाय, मागचे पाय जमिनीवरून फरफटत येतायत आणि पुढचे दोन पाय ताठ रोवून ती डोकं वर उचलतेय. जबडा उघडा. शिळा कोरली ती राजाच्या पराक्रमासाठी, पण त्या कारागिराचा हात सिंहिणीपाशी आल्यावर जीव ओतून थांबलाय. तिच्या खांद्याचे ताणलेले स्नायू मी इंच-इंच पाहिले. राजाचा चेहरा मला आज आठवत नाही.

नंतर पार्थेनॉनची शिल्पं, ममी, लुईस बेटावर सापडलेली वॉलरसच्या दाताची बुद्धिबळाची प्यादी. तिसऱ्या तासाला डोळ्यांत काही शिरेना. बाहेर पायऱ्यांवर बसून दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली तेव्हा लक्षात आलं, ज्यासाठी आले ती अमरावतीची शिल्पं राहिलीच. परत आत जायची ताकद नव्हती. ताई म्हणाली, "तिकीट कुठे काढलंय? पुन्हा येऊ." तेवढ्या एका वाक्याने मन हलकं झालं.

बुधवार, ११ ऑक्टोबर

साउथ केन्सिंग्टन स्टेशनातून जमिनीखालचा १८८५ सालचा लांब बोगदा थेट म्युझियमांपाशी निघतो, पावसाचा थेंब अंगावर येत नाही. व्हिक्टोरिया अँड अल्बर्टची सुरुवात १८५२ची, आदल्या वर्षीच्या भव्य प्रदर्शनानंतरची. कारागिरांनी आणि विद्यार्थ्यांनी येऊन उत्तम काम पाहावं, शिकावं, हा मूळ हेतू. ताईचा हा दिवस होता.

पण आधी माझं. टिपूचा वाघ. लाकडी, रंगवलेला, जवळजवळ खऱ्या वाघाएवढा, उताण्या पडलेल्या युरोपीय माणसाच्या गळ्याला भिडलेला. वाघाच्या पोटात छोटा ऑर्गन आहे. बाजूचा दांडा फिरवला की भात्यातून हवा जाऊन त्या माणसाचं विव्हळणं आणि वाघाची गुरगुर निघते, माणसाचा हात वर-खाली होतो. आता दांडा कोणाला फिरवू देत नाहीत. श्रीरंगपट्टण ४ मे १७९९ला पडलं, टिपू मारला गेला आणि हा वाघ लुटीत सापडला. पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या म्युझियममध्ये लोक तो पाहायला गर्दी करत. त्याआधीच्या, १७९२च्या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने मराठी फौजाही श्रीरंगपट्टणला गेल्या होत्या, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या. हे आपल्याकडे क्वचित बोललं जातं. त्या काचेपुढे उभं राहून फक्त इंग्रजांच्या नावाने बोटं मोडणं मला जमलं नाही.

आठवडाभर आधी, ३ ऑक्टोबरला, याच म्युझियममध्ये महाराष्ट्र सरकारने वाघनखं तीन वर्षांसाठी आणण्याच्या करारावर सही केली होती. वाईहून निघताना सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. ही वाघनखं ग्रँट डफकडची. १८१८नंतर साताऱ्याला कंपनीचा अधिकारी म्हणून होता, ज्याने पुढे मराठ्यांचा इतिहास लिहिला, तो. त्याच्या वंशजाने ती म्युझियमला दिली. बरोबरच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे, पण तीच ती प्रतापगडावरची, असं खात्रीने सांगता येत नाही, हे म्युझियम स्वतःच म्हणतं. वर्गात परंपरा आणि पुरावा यांतला फरक मी फळ्यावर दोन रकाने करून शिकवायचे. तरीही जुलै २०२४मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी पहिल्या आठवड्यातच गेले. तिथे एक आजोबा नातवाला उचलून धरून काच दाखवत होते आणि दोघांच्याही तोंडून शब्द निघत नव्हता. परंपरेच्या रकान्यातलं वजन कमी नसतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दुपारनंतर ब्रिटिश दालनांत ताई एका पलंगापाशी थांबली ती हलेचना. डेव्हिड गॅरिक हा अठराव्या शतकातला लंडनचा नामांकित नट, त्याचा हा पलंग. त्याच्यासाठी पडदे आले ते मच्छलीपट्टणला रंगवलेल्या सुती चिटाचे. भारतीय चीट इथे इतकी लाडकी झाली होती की इथल्या विणकरांचं पोट मारलं जाऊ लागलं, म्हणून कायदा करून १७२१पासून तिच्यावर बंदी आली. १७७४पर्यंत ती टिकली. गॅरिकचे पडदेही जकातवाल्यांनी जप्त केले होते.

मला हे सगळं इतिहास म्हणून माहीत होतं. ताईला कापड दिसलं. ती मला धरून दाखवू लागली. हे ठशाचं काम नाही, रेघ बघ, सुरुवातीला जाड आहे आणि पानाच्या टोकाला बारीक होत गेलीय, म्हणजे लेखणी हातात धरून ओढलीय. लाल रंगाच्या कडेला निळा चढलेला नाही, म्हणजे निळीत बुडवताना बाकीच्या कापडावर मेण लावलं असणार. "इतके हात लागलेत याला," ती म्हणाली, "आणि नाव कोणाचं? नटाचं." शेजारी उभ्या असलेल्या राखणदार बाईंनी विचारलं, ताई काय म्हणाल्या? मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ताईला जवळची खुर्ची दिली. अर्धा तास आम्ही तिथेच होतो. उरलेलं म्युझियम राहिलं तर राहिलं.

गुरुवार, १२ ऑक्टोबर

पुन्हा तोच बोगदा. नॅचरल हिस्टरी म्युझियमची १८८१ सालची इमारत हेच एक मोठं प्रदर्शन आहे. भाजक्या मातीच्या खांबांवर माकडं, मासे, पक्षी चढवलेत. पश्चिमेच्या बाजूला जिवंत असलेल्या प्राण्यांची चित्रं, पूर्वेला नामशेष झालेल्यांची. मधल्या दालनात छताला टांगलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा, नाव 'होप'. पंचवीस मीटरहून लांब. १८९१ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावर वाहून आलेली मादी. अंगावर झेप घ्यावी तशी ती सूर मारून खाली येताना दिसते, आणि समोर जिन्यावर बसलेले संगमरवरी डार्विन तिच्याकडे शांतपणे पाहतायत.

शाळांच्या सहली इतक्या होत्या की आवाजाने कान बधिर झाले, पण मला त्याचा त्रास वाटला नाही. पिवळी जाकिटं घातलेली पाच-सहा वर्षांची पोरं जमिनीवर पालथी पडून सांगाड्याचं चित्र काढत होती. सहलीच्या वर्गणीत प्रवेशाचे पैसे नसले की वर्गातलं एकही मूल मागे राहत नाही. मी तीस वर्षं सहली नेल्या. वर्गणी भरता येत नाही म्हणून त्या दिवशी आजारी पडणारी मुलं मी ओळखून असायचे.

शेजारच्या सायन्स म्युझियमला तासभर दिला. अपोलो १०चं चंद्राजवळ जाऊन आलेलं यान पाहिलं, तळाकडचा भाग परतीच्या आगीत करपलेला. बाकी आम्हा दोघींना फार काही भिडलं नाही. पायही बोलायला लागले होते.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

सकाळी उशिरा निघालो. लेस्टर स्क्वेअरला उतरून चालत नॅशनल गॅलरी. १८२४ साली पार्लमेंटने अडतीस चित्रं विकत घेऊन हिची सुरुवात केली. व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांपुढे गर्दी होती, तिथे फार थांबलो नाही. मला शोधायचं होतं ते रेम्ब्रांटचं, मोठ्या पांढऱ्या गोल कॉलरमधल्या एका म्हाताऱ्या बाईंचं चित्र, मार्गारेथा डी गीर यांचं. दुसऱ्या महायुद्धात बाँबच्या भीतीने इथली सगळी चित्रं वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत हलवली होती. रिकाम्या दालनांत दुपारी पियानोच्या मैफली व्हायच्या. १९४२च्या सुरुवातीला लोकांनी मागणी केली, निदान एखादं चित्र तरी परत आणा. तेव्हा रेम्ब्रांटनेच काढलेलं याच बाईंचं दुसरं, लहान, नुकतंच विकत घेतलेलं चित्र भिंतीवर लावलं गेलं आणि पुढे दर महिन्याला खाणीतून एक एक चित्र आणायची प्रथा पडली. रात्री बाँब पडतायत, आणि दिवसा माणसं एकच चित्र पाहायला येतायत. माझ्यापुढच्या मोठ्या चित्रातले त्या बाईंचे हात मी बराच वेळ पाहिले. खुर्चीच्या हातावर टेकलेले, शिरा दिसणारे, रुमाल धरलेले. आमच्या आईचे हात शेवटी तसेच झाले होते.

शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. बसने गेलो. तेव्हा पावणेदोन पौंडांत तासाभरात हव्या तितक्या बस बदलता यायच्या. संध्याकाळी साडेपाचला मागच्या दाराने आत शिरलो, आणि रोझेटाकडे, ममींकडे, कुठेही न बघता थेट ३३ अ क्रमांकाच्या दालनात.

काचेचं दार लोटून आत गेलं की बाहेरचा आवाज तुटतो. आम्ही दोघीच. दोन्हीकडे फिकट हिरवट पांढऱ्या चुनखडीच्या शिळा, अमरावतीच्या महास्तूपावरच्या. कंपनीचा मोजणी अधिकारी कोलिन मॅकेन्झी १७९७ साली तिथे पोचला तेव्हा स्थानिक जमीनदार नव्या गावाच्या बांधकामासाठी त्या टेकाडातले दगड काढत होता. १८४५ साली वॉल्टर इलियट या कंपनीच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने खोदकाम केलं. शिळा मद्रासला नेल्या, तिथे वर्षानुवर्षं पडून राहिल्या आणि १८५९ साली जहाजाने लंडनला आल्या. बऱ्याच शिळा अजून चेन्नईच्या संग्रहालयात आहेत. म्हणजे एका स्तूपाचे तुकडे दोन खंडांत वाटले गेले.

एका शिळेवर स्तूपाचंच चित्र कोरलंय. उभा सगळा स्तूप कसा दिसत होता ते आज मुख्यतः अशा शिळांवरूनच कळतं. कठडा, दाराशी बसलेले सिंह, समोर उभे पाच खांब, वर घुमटावर फुलांच्या माळा आणि आकाशातून उडत येणारे गण. कमळाची पाकळी इतकी पातळ की तिच्या कडेखाली सावली पडते. याच शिळेच्या मागच्या बाजूचं कोरीवकाम त्याच्याही काही शतकं आधीचं आहे. त्यात बुद्ध माणसाच्या रूपात नाहीत, झाडाखालचं रिकामं आसन आहे आणि त्याला हात जोडणारी माणसं. पुढच्या पिढ्यांनी तीच शिळा उलटवून दुसऱ्या बाजूला नवं शिल्प कोरलं.

ताईने विचारलं, "हे अमरावती म्हणजे आपलं, विदर्भातलं?" मी म्हटलं, नाही, आंध्रातलं. कृष्णेच्या काठचं. ती माझ्याकडे पाहत राहिली. आमचं घर गणपती घाटापासून दोनशे पावलांवर आहे. लहानपणी आम्ही दोघी त्या घाटावर धुणं घेऊन जायचो, द्रोणात दिवा सोडायचो आणि तो कुठे जातो म्हणून काठाने धावायचो. महाबळेश्वरला उगवलेलं, आमच्या पायऱ्यांना लागून गेलेलं पाणी शेकडो मैल वाहत या दगडांच्या गावाला पोचतं. ते दगड बघायला आम्हाला थेम्सच्या काठी यावं लागलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. या शिळा परत जायला हव्यात असं मला वाटतं आणि त्या रात्रीही वाटत होतं. पण त्याच वेळी हेही खरं की ते दालन इतक्या जपणुकीने ठेवलंय, दार उघडं आहे, आणि वाईच्या दोन बायकांना मंगळवारी जमलं नाही म्हणून शुक्रवारी पुन्हा येता आलं. दोन्ही गोष्टी मनात आहेत, एकीने दुसरी पुसली जात नाही.

राखणदाराने आठ वाजून दहा मिनिटांनी येऊन हळूच घड्याळ दाखवलं.

शनिवार, १४ ऑक्टोबर

भाचीला सुट्टी, म्हणून तीही आली. नॉर्दर्न लाइनने चॉक फार्म, रेल्वेचा पूल ओलांडला की किंग हेन्रीज रोड. दहा नंबरचं विटांचं घर, बाहेर निळी गोल पाटी. १९२१-२२मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने घर विकत घेऊन स्मारक केलं. इथेही तिकीट नाही.

तारीख आम्ही मुद्दाम निवडली नव्हती. दारातच लक्षात आलं. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, धम्मदीक्षा. आत दोन-तीन कुटुंबं आधीच आली होती. एक आजी पांढरी साडी नेसून, हातात मेणबत्ती. त्या नागपूरच्या, मुलाकडे आलेल्या. दोन मिनिटांत आम्ही मराठीत बोलायला लागलो.

घर लहान. फोटो, पुस्तकं, वरच्या मजल्यावर तेव्हाची वाटावी अशी मांडलेली खोली, खाट आणि टेबल. १९२० साली सिडनहॅम कॉलेजातल्या नोकरीतून साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचं कर्ज, एवढ्यावर ते अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला परत आले. १९२१ला एम.एस्सी., १९२३ला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधासाठी डी.एस्सी. आणि त्याच काळात बॅरिस्टरी. सकाळचा तुटपुंजा नाश्ता, दुपारचं जेवण नाही, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, आणि रात्री भूक लागली की पत्र्यावर भाजलेले पापड. लंडनच्या त्या दिवसांची ही हकिगत आपल्याकडे कोणाला माहीत नाही? पण इथून ते वाचनालय पायी तासाभराचं, हे खिडकीशी उभं राहिल्यावर कळलं. मंगळवारी ज्या बंद दाराला हात लावला, ते दार त्यांनी रोज उघडलेलं पाहिलं होतं. आणि त्याच इमारतीत बोधिवृक्षाखालच्या रिकाम्या आसनाची ती शिळा. त्यांनी अमरावतीची शिल्पं तेव्हा पाहिली की नाही, हे शोधायला हवं. मी परत आल्यापासून जुनी पत्रं वाचतेय.

निघताना अभिप्रायाची वही उघडी होती. आधीचं अर्धं पान मराठीतच, अकोला, पिंपरी, उदगीर, लेस्टर. नागपूरच्या आजींनी चष्मा विसरलाय म्हणून ताईला लिहायला सांगितलं. ताईने त्यांचं नाव लिहिलं, त्यांच्या मुलाचं लिहिलं, मग आमच्या तिघींची. खाली तारीख घातली, आणि गावाच्या जागी 'वाई' लिहून थांबली, मग त्यापुढे जोडलं, 'कृष्णाकाठ'.